नाकाचा पहारा उठल्यावर

कल्ला उचलला की आत लालभडक दिसलं पाहिजे. बोट दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. डोळा फुगीर आणि पाण्यासारखा स्वच्छ हवा, आत गेलेला किंवा दुधाळ नको. मासळी पारखायचं हे शिक्षण मला बाजारातल्या मावशीने दिलं, आणि सगळं सांगून झाल्यावर ती म्हणायची, “नाकानं बघ बाय, डोल्यानं नको.” डोळ्याला फसवता येतं. पाणी मारलं, बर्फात दडपून ठेवलं की शिळी सुरमईही चमकते. पण नाक जवळ नेलं की लपवता येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या याच एका पहाऱ्यावर भरवसा ठेवला.

आता आमच्याकडे मासळी दोन वाटांनी येते. रविवारी टोपलीतून, आणि मधल्या वारी मोबाइलवर मागवलेल्या हवा काढून घेतलेल्या पाकिटातून. सुरमईच्या तुकड्या साफ केलेल्या, प्लास्टिकला घट्ट चिकटलेल्या, वर तारीख छापलेली. हे पाकीट नोकरी करणाऱ्या घरांना फार सोयीचं आहे, मी ते वापरते आणि वापरत राहीन. पण त्याने एक गोष्ट मुकाट्याने बदलली, ती म्हणजे मासळीचा शत्रू. हवेत ठेवलेल्या मासळीत जे जिवाणू आधी माजतात त्यांना प्राणवायू लागतो, आणि तेच तो ओळखीचा कुबट वास सोडतात. हवा काढून घेतली की ते दबतात. वास उशिरा येतो. त्या शांततेत हळूहळू वाढू शकणारे दुसरेच असतात. फ्रीजच्या थंडीतही वाढणारा लिस्टेरिया हा रोगजंतू एक, आणि प्राणवायू नसेल तरच वाढणारा, बोटुलिझम या जीवघेण्या पक्षाघाताचं विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम हा दुसरा. या दुसऱ्याच्या मासळीत सापडणाऱ्या काही जाती ३.३ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनांत, मीठ, आम्ल असा दुसरा कोणताही अटकाव नसलेली अशी ताजी पाकिटं त्या तापमानाच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या आपल्या फ्रीजच्या दारात तेवढी थंडी राहते का, हे प्रत्येकाने एकदा थर्मामीटर ठेवून बघावं.

नाकाचा पहारा उठला आहे, तर त्याच्या जागी दुसरा पहारा बसवला पाहिजे. तो बसवायचं काम एकट्या बर्फाचं नाही, एकट्या सरकारी छाप्यांचं तर नाहीच. मासळीतच राहणारे लॅक्टिक आम्ल जिवाणू आणि त्यांनी तयार केलेली जंतुरोधक प्रथिनं यांना या पाकिटात कायद्याने, उघडपणे आणि सार्वजनिक पैशाने तपासून जागा मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. कोणत्या पाकिटात मिळावी आणि कुठे अजिबात मिळू नये, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे.

ही प्रथिनं मी पहिल्यांदा पाहिली ती एम.एस्सी.च्या प्रकल्पात. पाहिली म्हणजे त्यांचं काम पाहिलं. बांगड्याचं आतडं निर्जंतुक मिठाच्या पाण्यात खलायचं, ते शंभरपट, हजारपट पातळ करायचं, एमआरएस आगार या जिवाणू वाढवायच्या खाद्याच्या ताटल्यांवर पसरायचं आणि तीस अंशांवर दोन दिवस ठेवायचं. मग टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके उठतात. हे दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. एकेक ठिपका उचलून नव्या ताटलीवर टिपायचा, आणि तो वाढला की त्यावर लिस्टेरियाची एक निरुपद्रवी जात कालवलेलं पातळ आगार ओतायचं. दुसऱ्या दिवशी सगळी ताटली ताकासारखी धूसर झालेली असते. एखाद्याच ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ गोल खिडकी असते. त्या खिडकीतून खालच्या टेबलावरचा ओरखडा दिसला, तेव्हा मी जोरात हाक मारून सरांना बोलावलं.

सर म्हणाले, “आम्ल असेल. आधी ते खोटं पाड.” मग आम्ल मारून टाकलं, खिडकी तशीच राहिली. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे असेल म्हणून ते मोडून टाकणारं कॅटलेज घातलं, तरी ती राहिली. शेवटी ठिपक्याच्या एका बाजूला ट्रिप्सिनचा थेंब ठेवला. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. दुसऱ्या दिवशी गोल खिडकीची चंद्रकोर झाली होती. थेंबाच्या बाजूची खिडकी बुजली होती, कारण तिथे ते प्रथिन पचून गेलं होतं. चाळीसेक ठिपक्यांपैकी या सगळ्या परीक्षांतून दोन पार पडले. मासळीतल्या चांगल्या जिवाणूंवर जे जे उत्साहाने लिहिलं जातं, त्यातलं किती या चंद्रकोरीपर्यंत पोचलं आहे, हे मी तेव्हापासून आधी विचारते.

त्या चंद्रकोरीतच या प्रथिनांचा मोठा गुण आहे. त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात, आणि डाळीतलं प्रथिन जसं पोटात पचतं तशी ती पचतात. शत्रूही ती नेमका निवडतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा दुधातला जिवाणू नायसिन तयार करतो, त्याच्या साखळीत अवघी ३४ अमिनो आम्लं असतात. शत्रू जिवाणू आपली भिंत बांधायला ज्या विटा वाहून नेतो, त्यातल्या एका विटेला नायसिन पकडतं आणि तिच्याच आधाराने पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. मासळीत आणि थंडीत सुखाने राहणाऱ्या कार्नोबॅक्टेरियम कुळातल्या जिवाणूंची डायव्हर्सिन, डायव्हर्जिसिन ही प्रथिनं आणखी चोखंदळ आहेत. लिस्टेरियाच्या अंगावर साखर आत ओढून घेणारं एक दार असतं, ती त्या दाराला जाऊन भिडतात. ज्याने हे हत्यार बनवलं त्याच्याकडे त्याचा उतारही असतो, म्हणून तो स्वतः मरत नाही.

हे नवं, चाचपडतं शास्त्र नाही. नायसिनचा परिणाम १९२८ साली अमेरिकेत नोंदवला गेला. १९३३ साली न्यूझीलंडमध्ये चीजसाठीचं दूध नीट आंबेना, त्याचं कारण शोधताना तो पुन्हा सापडला. १९४७ साली इंग्लंडमध्ये त्याला नाव मिळालं, १९५३ साली तो बाजारात आला, १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने तो सुरक्षित ठरवला, आणि अमेरिकेने चीज स्प्रेडसाठी परवानगी दिली ती १९८८ साली. चीजच्या डब्यावर बारीक अक्षरात २३४ हा आकडा दिसला तर तो नायसिनचा. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी तो केव्हाच खाल्ला आहे. मासळीच्या बाबतीत फ्रान्समधल्या संशोधकांनी माशाच्या आतड्यातून कार्नोबॅक्टेरियम डायव्हर्जेन्सचा एक वाण वेगळा केला आणि तो थंड धुरावलेल्या, म्हणजे न शिजवता धूर दिलेल्या सामन माशामध्ये लिस्टेरियाला आवर घालतो हे दाखवलं. कॅनडाने याच जातीचा दुसरा वाण धुरावलेल्या सामन आणि ट्राउटमध्ये वापरायला परवानगी दिली. थंड पाण्यातल्या देशांनी आपल्या खाण्यासाठी आपला पहारेकरी शोधला. गरम समुद्राच्या किनाऱ्यावरचं हे काम आपल्यासाठी दुसरा कोणी करणार नाही.

इथे चोखंदळ वाचक मला थांबवेल. आपण मासे शिजवून खातो, लिस्टेरिया शिजवल्यावर मरतो, मग एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप खरा आहे. कालवणात किंवा तव्यावर जाणाऱ्या सुरमईच्या तुकडीसाठी मला बॅक्टेरिओसिन नकोच आहे. पण पाकीट फोडल्यावर गळणारं पाणी ओट्यावरच्या कोथिंबिरीवर सांडतं, त्याच सुरीने काकडी चिरली जाते, ही आपल्या स्वयंपाकघरांची रोजची गोष्ट. शिवाय आता मुंबई, पुणे, पणजी इथे पुन्हा न शिजवता खायच्या वस्तू वाढत चालल्या आहेत. उकडून सोललेली कोळंबी, धुरावलेला मासा, सँडविचमध्ये भरायचा ट्यूना, सुशी. लिस्टेरिया कुणाला धरतो हेही विसरून चालणार नाही. धडधाकट माणसाला तो बहुधा जाणवतही नाही. गरोदर बाईचं बाळ तो घेऊन जातो, म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार मांसाच्या पदार्थातून तो पसरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तसं इथे घडल्यावर जागं व्हायचं का?

म्हणून या प्रथिनांची जागा मर्यादित आणि स्पष्ट आहे: हवाबंद, थंड ठेवलेली, न शिजवता खायची किंवा अर्धवट तयार मासळी. तेवढ्यात ती खरी उपयोगाची आहेत. त्याबाहेर त्यांच्या नावाने जे विकलं जाईल त्याला माझा विरोध आहे, आणि तो सांगितल्याशिवाय त्यांची बाजू मांडायचा मला हक्क नाही.

आपल्या उष्ण हवेत मासळी नासवणारे बहुतेक जिवाणू ज्या गटातले आहेत त्यांच्या अंगावर बाहेरून आणखी एक पडदा असतो. बॅक्टेरिओसिन त्या पडद्यापलीकडे सहसा पोचत नाही. उन्हात तासन्‌तास पडलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार करणारे जिवाणूही मुख्यतः त्याच गटातले. हे हिस्टामाइन एकदा झालं की उकळूनही जात नाही, खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. त्यावर एकच उपाय आहे, जाळ्यातून काढल्या काढल्या बर्फ. मी एकदा मावशीला माझ्या त्या ताटलीबद्दल सांगत बसले होते. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक हाय, पन बरफ कोन देनार?” बर्फ विकत घेताना तिला तो कशाच्या पाण्याचा आहे हे कळायची सोय २०१८ पर्यंत नव्हती. त्या वर्षी अन्नासाठी नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आला. रंगाचा नियम चांगलाच आहे, पण धक्क्यावर पांढरा बर्फ पुरेसा आणि परवडेल असा मिळाला तरच त्याचा उपयोग. धक्क्यावर बर्फ नसताना जिवाणूंवर पैसे खर्च करणं म्हणजे मावशीच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं होईल.

तळ्यातल्या कोळंबीचंही तेच. कोळंबीला मारणारा व्हिब्रिओ त्याच पडदेवाल्या गटातला आहे. चांगले जिवाणू म्हणून बाटल्या विकणाऱ्यांनी तळेवाल्याला बॅक्टेरिओसिनचं नाव सांगून भुलवू नये. अशा जिवाणूंचा तळ्यात दुसऱ्या मार्गाने काही फायदा होत असेल तर तो वेगळा सिद्ध करावा.

मग तरीही मी हा विषय का लावून धरते? कारण गोव्यात काय झालं ते मी विसरलेले नाही. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली, फॉर्मेलिनचा गदारोळ उठला, आणि सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली. त्याच्या महिनाभर आधी केरळात ऑपरेशन सागर राणीमध्ये हजारो किलो मासळी पकडली गेली होती. फॉर्मेलिन हे प्रेत टिकवायचं द्रावण. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ते मासळीत घालणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते पटकन ओळखायच्या कागदी पट्ट्या तयार केल्या, हेही मोलाचं काम. काही माशांत मेल्यानंतर आपोआपच थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं, त्यामुळे नुसतं ‘सापडलं’ म्हणून ओरड करून भागत नाही, किती सापडलं ते बघावं लागतं.

पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही. शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येणारी मासळी टिकवायची तर विष न घालता कशी टिकवायची? बंदी आली, पट्टी आली, छापे आले. टिकवायची रीत कुणी दिली नाही. प्रतिजैविकांचंही असंच. आपल्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधांचे अंश सापडतात म्हणून युरोपीय संघाने २०१६ साली भारतातून येणाऱ्या शेतीतल्या कोळंबीच्या निम्म्या खेपा तपासायला सुरुवात केली, आधी हे प्रमाण दहा टक्के होतं. आपण नियम कडक केले. शेतकऱ्याच्या हातात दुसरं काय दिलं? नको ते काढून घेताना हवं ते हातात ठेवायची सवय आपल्या अन्नप्रशासनाला लागली नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. साखळीभर बर्फ, पॅकिंगची शिस्त, आणि जिथे बसतात तिथे हे जिवाणू, असं तिन्ही मिळून काहीतरी हातात द्यायला हवं होतं.

आणखी एक आक्षेप मला स्वतःला सतावतो. व्यापारी याच जिवाणूंच्या जोरावर पाकिटावरची तारीख पुढे ढकलतील, शिळं झाकतील. ही भीती पोकळ नाही. म्हणून परवानगी द्यायची तर सुरक्षिततेसाठी द्यावी, दिवस वाढवायला नव्हे. संरक्षक जिवाणू घातला तरी पाकिटावरची मुदत न घातलेल्या पाकिटाएवढीच राहील, असा नियम पहिली काही वर्षं तरी असावा. आणि वर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं की यात जिवंत जिवाणू आहेत, कोणते आहेत आणि कशासाठी आहेत. दही खाणाऱ्या समाजाला हे कळायला अवघड नाही. लपवलं तर मात्र उद्या पहिल्या अफवेत सगळं वाहून जाईल.

प्रत्येक लॅक्टिक जिवाणू भला असतो असंही नाही. लॅक्टोकॉकस गार्व्हिए हा याच कुळातला, आणि तो ट्राउटसारख्या माशांना रोग आणतो. मासळीत सापडणारे एंटेरोकॉकस छान बॅक्टेरिओसिन तयार करतात, पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगावर प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं असतात, आणि ती ते शेजाऱ्यालाही देतात. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. तीच जनुकं आपण चांगुलपणाच्या नावाखाली पाकिटात घालायची नसतील तर प्रत्येक वाणाचं जनुकवाचन आधी झालं पाहिजे. लिस्टेरियाही या प्रथिनांना सरावू शकतो, प्रयोगशाळेत ते दिसलं आहे. म्हणूनही जपून, मोजक्या ठिकाणी.

एवढी तपासणी करणार कोण? इथे खरी अडचण आहे. नियमांच्या यादीत नसलेल्या अन्नघटकांसाठी आपल्याकडे २०१७ चे नियम आहेत. अर्ज करायचा, सुरक्षिततेचे पुरावे जोडायचे. मोठ्या कंपनीला ते झेपेल. वसईच्या किंवा मालवणच्या मच्छीमार सहकारी संस्थेला, कोळंबी सोलून विकणाऱ्या बचत गटाला ते झेपणार नाही. मग वाण कंपनीचा, किंमत कंपनीची, आणि मासळी मात्र आपल्या समुद्रातली. म्हणून अर्जदार सार्वजनिक संस्थाच असावी. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, कोचीला मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. शोधणारे, वापरून बघणारे आणि वाण जपणारे, तिन्ही सरकारच्या पैशावर चालतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली वीस हजार कोटींहून जास्त रकमेची म्हणून जाहीर झाली. तिच्यातून शीतगृहं आणि बर्फाचे कारखाने उभे राहावेत हे पहिलं, आणि त्यातलाच एक छोटा वाटा या कामाला मिळावा.

वाण जपण्याबद्दल मी जास्त बोलते याला कारण आहे. माझे ते दोन ठिपके आज जगात नाहीत. पदवी मिळाली, वही कपाटात गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी वीज गेली तेव्हा महाविद्यालयाच्या फ्रीजमधल्या त्या नळ्या नासल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. ते कुठे जमा करायचे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दर वर्षी किती महाविद्यालयांत किती विद्यार्थी मासळीतून असे जिवाणू काढत असतील आणि सुट्टीत घालवत असतील! प्रबंधाला गुण देताना वाण पुण्याला जमा केल्याची पावती मागितली, तर हे नुकसान पुढच्या वर्षापासूनच थांबेल. ईशान्येत मणिपूरची ङारी, आसाम-त्रिपुरातली शिदल हे आंबवलेले मासे करणाऱ्या घरांमधून जे वाण घेतले जातात, त्यांच्या बाबतीत तर २००२ च्या जैवविविधता कायद्यातला लाभाचा वाटा त्या घरांपर्यंत जायला हवा. आपल्या कोकणात मासळी मुख्यतः वाळवायची आणि खारवायची रीत आहे, आंबवायची नाही. त्यामुळे आपले वाण कुणाच्या मडक्यात नसून माशाच्या आतड्यात आणि कल्ल्यातच शोधावे लागतील.

सुरुवात लहान असू शकते. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम रंगात आला की एका संस्थेने एका सहकारी संस्थेला बरोबर घ्यावं आणि एकच जिन्नस निवडावा, उकडून सोललेली कोळंबी. अर्ध्या पाकिटांत आपल्याच समुद्रातला, जनुकवाचन झालेला वाण, अर्ध्यांत काही नाही. लिस्टेरियाची परीक्षा प्रयोगशाळेच्या बंद दाराआड, बाजारातल्या एकाही पाकिटात नाही. काही पाकिटं दोन अंशांवर, आणि काही मुद्दाम आठ-दहा अंशांवर, कारण आपले फ्रीज आणि आपला वीजपुरवठा तसाच आहे. चौदा दिवस रोज मोजणी. वाण घातलेली पण रोगजंतू न घातलेली पाकिटं मात्र उघडून चव आणि वास बघायला कोळीवाड्यातल्या बायका बोलवाव्यात, त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि आकडे चांगले आले तरी वाईट आले तरी मराठीत छापावेत.